चाचीची दोन बोटं

शाहजादी मुलाणीकडून ब्लाउज शिवायला शिकलेल्या बायका चारशेच्या वर आहेत. त्यातल्या दहा-बारा सोडल्या तर एकीनंही तिचं तोंड पाहिलेलं नाही. पाहिलेत ते फक्त हात.

कवठे महांकाळात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत तिचं घर आहे. पुढच्या खोलीत मशीन, मशीनशेजारी रुंद फळी, फळीवर कापड आणि कापडासमोर तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला फोन. फोन तिनं असा वाकवून ठेवलेला असतो की त्यात फळी दिसते, कापड दिसतं, खडू धरलेले हात दिसतात आणि बाकी काही दिसत नाही. सून अर्शियानं पहिल्या दिवशी फोन जरा वर करून सासूचा चेहरा घ्यायचा प्रयत्न केला होता. त्यावर शाहजादी म्हणाली होती, "तोंडात काय बगायचंय? तोंड काय ब्लाउज शिवतंय व्हय?" तेव्हापासून फोनची ती जागा ठरली ती ठरली.

सगळ्या तिला चाची म्हणतात, तिच्याहून वयानं मोठ्या बायकासुद्धा. आपणही चाचीच म्हणू.

चाचीचे वडील ढालगावच्या बाजारात बसणारे शिंपी. आठवड्याला मशीन डोक्यावर घेऊन जायचे, लिंबाच्या सावलीत मांडायचे आणि दिवसभर बंड्या, कुडते, चोळ्या शिवायचे. टेप त्यांच्याकडं कधी नव्हती. बायका मापाला जुना ब्लाउज द्यायच्या. तो कापडावर पसरायचा, त्याच्या कडेपासून दोन बोटं बाहेर खडूची रेघ ओढायची, गळ्याला चार बोटं, काखेच्या मुंढ्याला एक वीत, की झालं. लेक दहा वर्षांची झाल्यावर अब्बांनी तिला शेजारी बसवून घेतलं. चाची शिकली ती तशी, आणि लग्न होऊन कवठ्यात आल्यावर पस्तीस वर्षं तसेच ब्लाउज शिवत राहिली. तिच्या हातचा ब्लाउज परत आला असं कुणी सांगू शकणार नाही. हे मी नाही, ती स्वतःच सांगते, आणि न विचारता सांगते.

ग्रुप निघाला तो लॉकडाउनमध्ये. अर्शियाची बहीण मदिहा सांगलीत घरी अडकून पडलेली, तिला कटोरी ब्लाउज कापायला शिकायचं होतं. चाचीनं व्हिडिओ करून पाठवला. मदिहानं तो शेजारणीला दिला, शेजारणीनं माहेरी, माहेरून तो कुठं कुठं गेला देव जाणे. महिनाभरात जत, तासगाव, कराड, कोरेगाव असे अनोळखी नंबर चाचीला विचारू लागले, की चाची, पुढचा व्हिडिओ कधी? तेव्हा अर्शियानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि नाव दिलं 'चाचीचा ब्लाउज'.

आता ग्रुप म्हणजे सकाळी फुलं, दुपारी सुविचार आणि संध्याकाळी कुणाचा तरी वाढदिवस असं आपल्याला वाटतं. इथं ते चालत नाही. चाचीचे पती चांदसाहेब यांचं स्टँडजवळ सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. बायकोचा आवाज दुकानात बसून ऐकता यावा म्हणून तेही ग्रुपात शिरले होते. एकदा त्यांच्याकडून चुकून गुलाबाचं फूल पडलं. चाचीनं नवऱ्याला ग्रुपमधून काढलं ते चार दिवस घेतलं नाही. दर गुरुवारी प्रत्येकीनं आपण कापलेल्या कापडाचा फोटो टाकायचा, हा नियम. त्यावर चाची एकेकीला बोलून उत्तर पाठवणार. "मुंढा बरा हाय. गळा कुणी कापला, तू का उंदरानं?" असं ऐकून घ्यायला बायका गुरुवारची वाट बघत, कारण पुढच्याच वाक्यात तो गळा कसा सुधारायचा ते सांगितलेलं असे. चाची म्हणाली "बरा हाय" की त्या बाईचा दिवस चांगला जायचा.

कुरबुरी यायच्या. विट्याची एकजण म्हणायची, चाची, जरा आवळतोय. चाची सांगायची, शिवण उसव अन् अर्धं बोट सोड. जतकडची ऊसतोडीला जाणारी एक बाई म्हणायची, माझा ढगळ होतोय. चाची सांगायची, मग दाबून घे. एकीचा घट्ट, एकीचा सैल, म्हणजे दोघींचंही लक्ष नव्हतं, असा चाचीचा सरळ हिशेब. साधं सुती कापड, घरातल्याच बायकांचे ब्लाउज, चार वेळा घालून-काढून सगळं जुळायचं. तीन-चार वर्षं असंच जुळत गेलं.

वाईची अंकिता ही ग्रुपातली चाचीची सगळ्यात लाडकी, जरी चाचीनं ते तिला कधी कळू दिलं नव्हतं. घर गंगापुरीत, ऊस नदीपलीकडं, नवरा शंभूराज फौजेत लांब कुठंतरी सरहद्दीवर. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं बायकोला मशीन घेऊन दिलं आणि परत गेला. मागं राहिली अंकिता आणि तिची सासू बनुबाई. बनुबाईंना हे मशीन डोळ्यासमोर नको झालेलं. फौजीच्या बायकोनं लोकांची कापडं शिवायची, हे त्यांना कमीपणाचं वाटे. शेवटी त्यांनी एक सांगून टाकलं होतं, "एक मोठं काम करून दाव. न्हाई जमलं तर मशीन मोडीत दिऊन मोकळी हो." अंकितानं ही गोष्ट चाचीला एकटीला बोलून पाठवली होती, आणि चाचीनं उत्तर दिलं होतं, "मग दाव की."

मोठं काम आलं. गल्लीतल्या नानासोंच्या मुलीचं लग्न. नवरीचा आणि मावश्या, आत्या, करवल्यांचे मिळून नऊ ब्लाउज, सगळे जरीकाठी साड्यांचे. असलं कापड साडीला जोडूनच येतं आणि बेताचंच असतं; शिवणीच्या आत जास्तीचं कापड, म्हणजे माया, सोडायला त्यात जागा नसते. अंकितानं दहा दिवस राबून नऊही शिवले. लग्न रविवारी होतं. बुधवारी सकाळी नवरी आणि दोन मावश्या घालून बघायला आल्या, आणि दुपारी ग्रुपवर अंकिताचा आवाज आला. रडू दाबलेला आवाज लगेच कळतो.

"चाची, नऊच्या नऊ आवळतायत. हूकच लागंना. तुमी सांगितलंय तसंच केलंय, दोन-दोन बोटं मोजून. सोडायला आत कापड न्हाई. रविवारी लगीन हाय. काय करू मी?"

चाची उत्तर देणार तेवढ्यात दुसरीच बोलली. साताऱ्यात शिवणाचा क्लास चालवणाऱ्या क्रांती मॅडम ग्रुपात होत्या, हे बऱ्याच जणींना त्या दिवशीच कळलं. त्यांनी लिहिलं, "बोटांनी मापं घेतल्यावर दुसरं काय होणार? टेप नावाची वस्तू बाजारात मिळते."

झालं. चाचीचं डोकं फिरलं. तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि तावातावात बोलून मोकळी झाली. "या बोटांनी पस्तीस वरसं ब्लाउज बसवलेत. बोटं चुकत न्हाईत, मानूस चुकतं. ध्यान ठिकान्यावर नसंल तर लोकांचं भारी कापड हातात घ्यायचंच कशाला?"

बोलायचं होतं क्रांती मॅडमला आणि लागलं अंकिताला. पाच मिनिटांनी ग्रुपवर बारीक अक्षरांत ओळ आली, अंकिता ग्रुप सोडून गेली. चाचीनं फोन उपडा ठेवला आणि दुसऱ्याच कुणाच्या ब्लाउजला हूक लावत बसली.

थोड्या वेळानं चांदसाहेब जेवायला आले. दुकानात बसून त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. घरात या दोघांचं बोलणं दखनीत चालतं. हात धुता धुता ते एवढंच म्हणाले, "चारसौ औरतां के सामने मारी तू उस छोकरी कू." चाचीनं ताट जरा जोरात ठेवलं.

जेवण झाल्यावर तिनं फोन सुलटा केला आणि अंकिताचे जुने गुरुवार काढून बघायला लागली. एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघितला. खडूची रेघ सरळ, मुंढ्याचा बाक साफ, कात्री कुठं डगमगलेली नाही. ही पोरगी चुकणारी नव्हती. मग नऊच्या नऊ ब्लाउज आवळतात कसे? एक चुकला तर हात चुकला म्हणता येतं. नऊ सारखेच चुकले तर शिकवणं चुकलं. हा विचार आल्यावर चाचीला घरात बसवेना. तिनं अंकिताला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. फोटोत सगळं बरोबरच दिसत होतं, आणि बरोबर दिसणाऱ्या गोष्टीतली चूक फोनवर सापडत नसते. कापड हातात घ्यायला हवं होतं.

"मी वाईला चाललेय," तिनं सुनेला सांगितलं.

"अम्मी, पत्ता?"

"फौजी शंभूराजचं घर, गंगापुरी. फौजीचं घर विचारल्यावर कोन सांगत न्हाई?"

गुरुवारी पहाटेच्या एसटीनं ती निघाली. अर्ध्या तिकिटात मिरज, तिथून सातारा, तिथून वाई. आयुष्यात एवढ्या लांब ती एकटी कधी गेली नव्हती, पण कंडक्टरनं जागा दाखवण्याआधी तिनं ती पकडलेली होती. पिशवीत तिची कात्री, खडू, सुया आणि अर्शियानं बांधून दिलेल्या चपात्या. दुपारी एकच्या सुमाराला ती अंकिताच्या दारात उभी राहिली. दार बनुबाईंनी उघडलं.

"कोन पायजे?"

"मी शाहजादी. कवठ्याची. काल तुमच्या सुनेला वंगाळ बोलली ती मीच."

बनुबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग आता काय बोलायचं ऱ्हायलंय?"

"बोलायचं काय न्हाई. शिवायचं हाय. आत घेताय न्हवं?"

असं उत्तर बनुबाईंना बहुतेक कुणी दिलेलं नव्हतं. त्या बाजूला झाल्या.

अंकिता आतल्या खोलीत नऊ ब्लाउजच्या ढिगासमोर बसलेली होती. डोळे सुजलेले. दारात आलेल्या जाडजूड बाईच्या तोंडाकडं तिनं अनोळखी नजरेनं पाहिलं, आणि मग नजर खाली गेली. पिशवी धरलेला हात बघितला आणि ती ताडकन उठली.

"चाची?"

"व्हय. बस."

अंकिता बसली नाही. ती अजून हाताकडंच बघत होती. "तुमचे हात फोनात बारीक दिसत्यात, चाची," ती म्हणाली.

चाचीनं त्याकडं लक्ष दिलं नाही. तिनं ब्लाउज उचलले, उलटे केले, शिवण चाचपली. टाका बारीक, एकसारखा, कुठं ओढलेला नाही. चूक सापडेना तशी ती बेचैन झाली. तिनं वर्तमानपत्राचा कागद जमिनीवर पसरला, त्यावर मापाचा ब्लाउज ठेवला आणि म्हणाली, "माझ्याम्होरं आख."

अंकितानं दोन बोटं कडेला लावली, खडूची खूण केली, पुन्हा दोन बोटं, पुन्हा खूण. जसं व्हिडिओत, तसंच. तसूभर फरक नाही. चाचीनं वाकून स्वतःची दोन बोटं त्याच जागी ठेवली. कड एका बाजूला होती तिथंच राहिली आणि दुसऱ्या बाजूला खडूची रेघ तिच्या बोटाखाली झाकून गेली.

तिनं बोटं उचलून पुन्हा त्याच जागी ठेवली. मग म्हणाली, "हात दे."

अंकितानं हात पुढं केला. चाचीनं तिच्या तळव्याला तळवा लावला. अंकिताची बोटं सडपातळ, लांबट. चाचीची आखूड आणि जाड, कात्रीनं आणि वयानं आणखी जाडावलेली. मशीनच्या खणात टेप होती ती तिनं मागितली. अंकिताची चार बोटं अडीच इंच भरली. चाचीची सव्वातीन. दोन बोटांमागं पाव इंचाहून जास्त फरक, आणि ब्लाउजच्या चार बाजूंना मिळून दीड इंच.

"या अल्ला," म्हणत चाची खालीच बसली.

आणि तिला ढालगावचा बाजार आठवला. लिंबाखाली अब्बांनी तिला पहिल्यांदा शेजारी बसवलं तो दिवस. त्या दिवशी कात्रीला हात लावू दिला नव्हता. आधी त्यांनी आपला पंजा फळीवर ठेवला, त्याच्याभोवती खडू फिरवला. मग त्याच आकारात तिचा हात ठेवायला लावला, आणि तिचा हात त्या आकारात कुठल्या कुठं बुडाला होता. अब्बा म्हणाले होते, माझी दोन म्हणजे तुझी तीन, ध्यानात ठेव. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी हेच करायला लावत. पुढं चाची वाढली, तिची बोटं बापाएवढीच झाली, तीन-दोनाचा हिशेब गरजेचा उरला नाही आणि डोक्यातून गेला तो गेलाच. शेजारी कुणी शिकायला बसलं असतं तर हाताला हात लागला असता, आठवलंही असतं. फोनात हात लावणार कुठं? पहिला धडा सोडून तिनं चारशे जणींना दुसऱ्यापासून शिकवलं होतं. तो विट्याचा घट्ट ब्लाउज आणि जतचा ढगळ ब्लाउज, दोन्ही तिला एकदम आठवले आणि तिची तिलाच लाज वाटली.

"अंकिता," ती म्हणाली, "तुझं काय बी चुकलेलं न्हाई. माझं चुकलं. आन् वर मीच तुला सगळ्यांत बोलले. मला माफ कर पोरी."

अंकिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दारात उभ्या बनुबाई हे सगळं बघत होत्या. एवढी मोठी बाई, एवढ्या लांबून आलेली, आणि सुनेची माफी मागते. त्या चहा ठेवायला गेल्या.

रडून झाल्यावर दोघी कामाला लागल्या, कारण रविवार काही थांबणार नव्हता. आधी नानासोंच्या घरी. चाचीच पुढं झाली आणि नवरीच्या आईला म्हणाली, "ब्लाउज हिनं न्हाई, मी बिघडवलेत. नीट करून बी मीच देनार. फकस्त साड्या द्या." साडीचं जे टोक कंबरेत खोचलं जातं, तिथलं वीतभर कापड कुणाच्या नजरेला पडत नाही. ते काढून घ्यायचं होतं. एका मावशीनं बरीच कुरकुर केली. चाचीनं ती शांतपणे ऐकून घेतली आणि संपल्यावर साडी मागितली.

पुढचे दोन दिवस त्या खोलीत मशीन थांबलं नाही. अब्बा कुडत्याला काखेत कापडाचा एक चौकोनी तुकडा लावायचे, चौबगला म्हणतात त्याला. हात कितीही वर केला तरी कुडता ओढत नाही. तोच चौबगला चाचीनं रेशमी ब्लाउजच्या काखेत बसवला आणि खाली कडेच्या शिवणीत त्याच कापडाची निमुळती पट्टी सोडली. पहिला तिनं शिवून दाखवला. दुसरा दोघींनी मिळून केला. तिसऱ्यापासून अंकितानं एकटीनं केले, आणि चाची नुसती उसवायला बसली. शुक्रवारी दुपारी चाचीची नमाजाची वेळ झाली तेव्हा बनुबाईंनी माजघराचा कोपरा झाडून स्वच्छ सतरंजी टाकून दिली. जेवायला भाकरी, पिठलं आणि ठेचा. बनुबाई दोन्ही दिवस त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून काखेतला तो चौकोन कसा बसतो ते टक लावून बघत होत्या.

शनिवारी संध्याकाळी नवरीनं ब्लाउज घातला, हूक लावले आणि दोन्ही हात डोक्यावर नेले. ब्लाउज जागचा हलला नाही. कुरकुर करणारी मावशी तर आपल्या सगळ्या जुन्या ब्लाउजना असलाच तुकडा लावून मिळेल का, असं विचारायला लागली. अंकितानं बनुबाईंकडं बघितलं. बनुबाई मावशीला म्हणाल्या, "लगीन हुंदे. मंग टाका की पोरीकडं."

मशीन मोडीत काढायचा विषय त्या घरात तिथंच संपला.

चाचीनं त्याच संध्याकाळी, अंकिताच्या खोलीतच, अंकिताला आधी ग्रुपात परत घेतलं आणि मग बोलली. तिचा आवाज एरवीसारखाच खणखणीत होता. चूक कबूल करताना आवाज बारीक करायचा असतो हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"ऐका सगळ्याजनी. बुधवारी मी अंकिताला बोलले. ते खोटं हुतं. अंकिताचं कापनं बरोबर, माझं शिकवनं चुकलेलं. माझी बोटं लय जाड हायती. मी दोन बोटं म्हनत गेले आन् तुमी आपापली दोन बोटं मोजत गेला. ज्यांचं घट्ट झालं त्यांना मी उसवायला लावलं, ज्यांचं ढगळ झालं त्यांना दाबायला लावलं. तुमचं काय चुकलेलं न्हवतं. आमच्या अब्बांचा पयला धडा मीच इसरले, तो आज देते. टेप घ्या, आपली चार बोटं जुळवून मोजा, आन् हाताचा फोटो टाका. कुनाची किती धरायची ते मी एकेकीला सांगते. आन् क्रांती मॅडम, तुमी टेपचं बोललात ते खरं हुतं. जरा गोडीनं बोलला असता तर मला लवकर कळलं असतं."

चाची फोन हातात धरून बसून राहिली, आणि मला वाटतं, पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच तिला भीती वाटली असेल. मग पहिला हात आला. पांढऱ्या ओट्यावर ठेवलेला, स्वच्छ, अंगठी घातलेला, शेजारी ताणून धरलेली टेप. खाली लिहिलेलं, "तीन इंच. क्रांती. आणि हो, टेपनंच मोजलंय."

चाची मोठ्यानं हसली.

त्यानंतर हातच हात आले. रविवारी परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून ते बघत होती. ज्या बायकांच्या नावापुढं आजवर गुलाबाचं फूल, महादेवाची पिंड नाहीतर लेकराचा फोटो असायचा, त्यांचे हात. मेंदीचे, शेणामातीनं भेगाळलेले, बांगड्यांनी भरलेले आणि मोकळे. जतच्या त्या ऊसतोडीवाल्या बाईचा हात आला, तर त्याला करंगळी अर्धीच होती, आणि तिनं लिहिलं होतं, "चाची, हिला मोजायची का सोडायची?" चाचीनं लगेच बोलून पाठवलं, "सोड. करंगळीबिगर तीनच मोज. तुझं माप मी येगळं धरते." विट्याचीला सांगितलं, मी दोन म्हणीन तिथं तू अडीच धर. कराडच्या एकीला सांगितलं, तुझा हात माझाच हाय गं, काय बदलू नको. कराडपासून मिरजेपर्यंत ती बोलतच होती, आणि शेजारी बसलेल्या बाईनंही शेवटी आपली बोटं पुढं करून विचारलं, माझी किती धरायची?

घरी पोचल्यावरही आठवडाभर हात येत राहिले. प्रत्येक हाताला ती उत्तर देत होती. चांदसाहेबांनी आपला काळा, ग्रीसचा हात टाकला, तो तिनं तेवढा पुसून टाकायला लावला.

पुढच्या गुरुवारी, कापडांचे फोटो यायच्या वेळेला, अंकिताकडून एक हात आला. तो अंकिताचा नव्हता. सुरकुतलेला, हिरव्या बांगड्यांचा, उसाच्या पात्यांनी जागोजागी चिरलेला जाड हात, वर्तमानपत्राच्या कागदावर जपून ठेवलेला, शेजारी टेप. खाली अंकितानं लिहिलं होतं, "सासूबाईंची चार बोटं. साडेतीन इंच. त्या विचारतायत, या वयात जमंल का?"

चाचीनं फोन तांदळाच्या डब्याजवळून उचलून तोंडाजवळ घेतला.

"आवं बनुबाई," ती म्हणाली, "तुमची बोटं माझ्यापरीस जाड हायती. मी दोन म्हनीन तिथं पावनेदोन धरा. आन् आता खडू घ्या हातात."